अर्धा मिलिमीटर

ती होय — ती माझी मुलगी, ताई. मागचा चष्मा तुम्हाला तिनंच बसवून दिला होता, बरोबर ओळखलंत. नाही नाही, लग्न नाही झालं, सगळे तेच विचारतात — आणि दुसरीकडे नोकरीलाही नाही लागली. आहे घरीच, ह्या दुकानाच्या वरच राहतो आम्ही. बरी आहे. म्हणजे — द्या तो चष्मा इकडे, काढूनच द्या, कानामागं बघा कसा वळ उठलाय तुमच्या. एक काडी बाहेर गेलीय, म्हणून सारखा घसरतोय. उशीशेजारी ठेवून त्याच्यावरच झोपलात ना कधीतरी? सगळेच झोपतात. प्लास्टिकची फ्रेम, घाई करून चालत नाही, गरम हवेवर हळूहळू मऊ करावी लागते, नाहीतर कट्कन मोडते. बसा, खुर्ची ओढून घ्या.

हात फार हलका तिचा. लहान पोरं चष्मा लावायला नको म्हणून हातपाय झाडायची, ती त्यांच्या नाकावर बोट ठेवायची, काहीतरी कानात सांगायची, की पोर गप्प. मला नाही जमत ते. मी कान बघतो, ती नाक बघायची. म्हणायची, बाबा, चष्मा कानाला नुसता अडकतो, बसतो तो नाकावर. आणि स्वतःच्या नाकावर काय बसणार होतं तिच्या — हे माझं नाक बघा ना, बघा बघा, लाजू नका, गिऱ्हाइकं बघतातच. चष्म्याचा दुकानदार, आणि त्याच्याच नाकावर चष्मा ठरत नाही. देवानं नाक घडवायला घेतलं असणार आणि मधेच कुणीतरी त्याला हाक मारली, तो उठून गेला तो गेलाच. शेंडा वर, भोकं समोर. मला काय, पुरुषाच्या जातीला कोण विचारतं, मी स्वतःच विनोद करून मोकळा होतो. पण हेच नाक, जसंच्या तसं, पोरीकडे गेलं. तिच्या आईचं नाक चांगलं सरळ आहे, चाफेकळीच म्हणा, पण ते नाही गेलं. माझं गेलं.

आपल्या बोलण्यात तरी नाकाला किती कामाला लावलंय बघा. सरळ माणूस नाकासमोर चालतो, अब्रू गेली की नाक कापलं जातं, दमलं की नाकी नऊ येतात, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एवढ्या सगळ्याला पुरेल एवढं नाकच नव्हतं हो आमच्याकडे. हसता काय, खरंच सांगतोय. घरात मजेत चालायचं सगळं. पण कॉलेजात तिला ‘सॉकेट’ म्हणायला लागले — भिंतीवरचं विजेचं सॉकेट, दोन भोकं. कुणीतरी एकानं म्हटलं आणि चिकटलं. ती घरी येऊन सांगायची, हसत सांगायची. हसत सांगायची म्हणून आम्हीही हसलो. नंतर लक्षात आलं, फोटो काढताना मान खाली घालते. आरशासमोर शेंड्यावर बोट ठेवून नाक खाली ओढून धरते आणि तशीच बघत राहते. दुकानात एवढे आरसे, जाणार कुठं.

मग एक दिवस म्हणाली, बाबा, मला नाक लांब करून घ्यायचंय. करून घ्यायचंय, म्हटली. करू का, असं विचारलं नाही. सज्ञान मुलगी, स्वतः कमावलेलं साठवलेलं. तिची आई म्हणाली, लोक नाक कमी करून घेतात, वाढवून कसं घेणार, नाक काय फ्रॉक आहे का खालची शिवण सोडायला? पण करतात. मलाही माहीत नव्हतं. पहिला डॉक्टर गोड बोलणारा. सिलिकॉनची पट्टी, अशी वाकवलेली, नाकाच्या कण्यावरून शेंड्यापर्यंत सरकवायची, आणि शेंड्यावर कानामागची थोडी कूर्चा काढून टोपीसारखी बसवायची — कूर्चा म्हणजे, कानाची कड अशी मुडपून बघा, वाकते आणि परत उभी राहते ना, ते. सोपं काम, म्हणाला. आणि झालंही सोपं, ताई. बँडेजच्या पट्ट्या निघाल्या, सूज उतरली, आणि मी बघतच राहिलो. माझी मुलगी, आणि नाक सरळ. ह्या काउंटरवर फ्रेमा लावून लावून बघायची, एक काढ, दुसरी घाल, डोळ्यांना नंबर नाही काही नाही, पण घालून मिरवायची. मी म्हटलं, माल खराब करतेस. म्हणाली, बाबा, बसतेय हो.

एक मिनिट हं. अजून कडक आहे. थांबा जरा.

वर्ष पुरतं सरलं नसेल. सकाळी चहा पिता पिता म्हणाली, वर जातंय. म्हटलं काय वर जातंय? नाक. शेंडा वर जातोय परत. तिच्या आईनं बघितलं, मी बघितलं — काही नाही. दुसऱ्या आठवड्यात परत तेच. डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले सूज पूर्ण उतरतेय, सूज उतरली की असंच वाटतं, आरशात कमी बघत जा. मीही तेच म्हटलं. तुझ्या मनात बसलंय, म्हटलं. तिची मावशी, मैत्रिणी, सगळ्यांनी तेच सांगितलं. ती एकटी म्हणत राहिली, नाही, जातंय, मला कळतंय, आतून ओढल्यासारखं होतं. आणि ताई, खरंच जात होतं. तिचंच खरं होतं. शरीराला ती पट्टी परकी, तर शरीर तिच्याभोवती एक पापुद्रा धरतं, आणि कुणाकुणाचा तो पापुद्रा आवळत जातो, थैलीची नाडी ओढावी तसा. शेवटी शेंडा लाल झाला, मग आतून पू. पट्टी काढली. आणि काढल्यावर जे नाक राहिलं ते — पूर्वीचंही राहिलं नाही. पूर्वी माझ्यासारखं तरी होतं. आता त्याहून आखूड, आणि कडक, हाताला दगडासारखं.

तेव्हापासून मास्क. दुकानात येणं बंद. मी आग्रह केला, गिऱ्हाइकाला काय पडलंय तुझ्या नाकाचं, ते स्वतःचं नाक घेऊन येतात. म्हणाली, बाबा, मला त्यांच्या नाकाला हात लावायचा असतो. मला नाही जमत आता.

दुसरा डॉक्टर चांगला भेटला. वयस्कर, तुटक बोलणारा. म्हणाला, लांबी वाढवणं हे नाकाच्या कामातलं सगळ्यात अवघड, कारण आतली चौकट मी वाढवीन, पण वरचं कातडं कुठून आणू? कापडच कमी असलं तर सदरा लांब कसा होणार? आधी कातडं सैल होऊ दे. मग ती पोर महिनोन् महिने बसून स्वतःचं नाक दोन बोटांनी खाली ओढायची. सकाळी, दुपारी, टीव्ही बघताना. डॉक्टरांनीच सांगितलं होतं तसं. मग ऑपरेशन. ह्या वेळी परकं काही नको, म्हणाले, तिचीच बरगडी. बरगडी पुढच्या बाजूला कूर्चेची असते, त्यातला तुकडा, छातीखाली एवढीशी चीर देऊन. त्याच्या दोन पातळ पट्ट्या कातून नाकातल्या मधल्या पडद्याला दोन्हीकडून लावायच्या, पुढं थोड्या काढून — अशा, ह्या फ्रेमच्या नाकावर बसणाऱ्या पुलासारख्या — आणि शेंडा खाली आणून त्यांच्यावर टाके घालून बसवायचा. शेंडा मग वर जाऊच शकत नाही, खाली खांब आहे. सहा-सात तास लागले त्यांना. ती शुद्धीवर आली तेव्हा नाकापेक्षा छाती दुखत होती, हसली की कळ यायची. तिची आई म्हणाली, मग हसू नकोस. आणि त्यावर तिला हसू आलं, आणि कळ आली.

चांगलं झालं, ताई. मी बाप म्हणून नाही म्हणत, मी रोज पाच-पन्नास नाकं बघणारा माणूस. चांगलं झालं. म्हणजे, सगळंच काही मिळत नाही. शेंडा लाकडासारखा ताठ आहे, हसताना वरचा ओठ पूर्वीसारखा पसरत नाही, शेंड्याला स्पर्श कळत नाही — थंडीत पाणी आलं तरी तिला समजत नाही, आईच रुमाल देते. एका बाजूनं श्वास जरा दबका. डॉक्टरांनी हे सगळं आधीच सांगितलं होतं, एक एक गोष्ट. पण समोरून बघितलं तर भोकं दिसत नाहीत. बाजूनं बघितलं तर सरळ रेघ. ती स्वतः म्हणाली, हेच हवं होतं. दोनदा खाली दुकानातही येऊन बसली. मी तर सुटलो म्हटलं, सतराशे विघ्नं संपली.

आणि मग परत एका सकाळी — वर जातंय.

आता सांगा. काय म्हणायचं माणसानं? मागच्या वेळी म्हटलं होतं, तुझ्या मनात आहे, आणि ती खरी ठरली होती. सगळं जग खोटं आणि ती खरी. आता कुठल्या तोंडानं सांगणार? डॉक्टरांनी तपासलं, पहिल्या दिवसाचे फोटो आणि आताचे शेजारी शेजारी लावून दाखवले, म्हणाले केसाएवढा फरक नाही. ती म्हणाली, फोटो तुम्ही काढता. मग मला म्हणाली, बाबा, तुमच्याकडे मोजमाप आहे, तुम्ही मोजा. आमच्याकडे मोजपट्टी असतेच, ही बघा, काचा कापायच्या आधी मोजायला. तर दर रविवारी सकाळी, दुकान बंद असतं तेव्हा, ती वरून खाली येणार, ह्या तुमच्याच खुर्चीवर बसणार, मान मागे टेकवणार, डोळे मिटणार. मी नाकाच्या मुळापासून शेंड्यापर्यंत मोजणार. श्वास रोखून धरायची. मी आकडा सांगायचो. तोच आकडा. दर रविवारी तोच, ताई, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. पहिल्यांदा मला वाटलं, बरं झालं, मोजून दाखवलं की पटेल. माप कधी खोटं बोलतं का?

तिला नाही पटलं. म्हणायची, नीट धरलं नाहीत. मग म्हणायची, पट्टी जुनी आहे. नवी आणली. मग म्हणायची, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. रागावून नाही म्हणायची हो — थकून. जेवण कमी झालं. तिची आई ताट वाढून ठेवायची, ते तसंच. बोलणं कमी झालं. एकदा मला म्हणाली, बाबा, मी वेडी झाले असं वाटतं ना तुम्हाला? मी म्हटलं, नाही गं. म्हणाली, मग बाकी दोनच शक्यता राहतात, तुम्हाला दिसत नाही, नाहीतर तुम्ही खोटं बोलताय. मनाच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर दार लावून घेतलं. दोन दिवस.

झाली मऊ. आता बघा, वाकवताना आवाज नाही येत. एकदा वाकवली की गार होईपर्यंत अशी धरून ठेवायची.

तर — हे मी का सांगतोय तुम्हाला, माहीत नाही. तुम्ही विचारलंत, ती कुठंय, एवढंच विचारलंत. आता निघालंच आहे तर. मागच्या रविवारी ती आली, बसली, डोळे मिटले. पापण्या थरथरत होत्या. गळ्याची हाडं दिसत होती, एवढी उतरलीय. मी पट्टी धरली. तोच आकडा. आणि मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला एवढंच कळलं, की मी हा आकडा उच्चारला की हे तोंड परत तसंच मिटणार, परत ती वर जाणार, परत आठवडाभर ते ताट. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — अर्धा मिलिमीटर कमी भरतंय.

हो. नव्हतं कमी. तेच होतं.

तिनं डोळे उघडले. मला वाटलं, रडेल, कोसळेल. ताई, ती हसली. मी म्हणत होते ना, म्हणाली. मी म्हणत होते ना बाबा. आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं, आणि असा मोठा श्वास सोडला, जसं काही इतके दिवस पाण्याखालीच होती. वर गेली, दोन वेळा मागून जेवली. संध्याकाळी मास्क न लावता खाली येऊन फ्रेमा पुसून ठेवल्या. तिची आई माझ्याकडे बघतेय, काय केलंत? सुखात होतो. मूर्खासारखा सुखात होतो त्या दिवशी. वाटलं, एवढंच हवं होतं तिला, कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. अर्ध्या मिलिमीटरनं कुणाचं काय बिघडतंय?

मंगळवारी कळलं, तिनं तिसरा डॉक्टर गाठलाय. फोनवरच. त्याला सांगितलं, दुसरंही नाक आखडायला लागलंय, वडिलांनी मोजलंय, वडील चष्म्याचं काम करतात, त्यांचं माप चुकत नाही. तो म्हणाला, या, दुसऱ्या बाजूची बरगडी घेऊ, जाड पट्ट्या घालू, अजून खाली आणू. उद्या सकाळी दाखल करून घेताहेत. उद्या.

मी दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला, त्या वयस्करांना. ते म्हणाले, ते कातडं दमलंय. एकदा सिलिकॉनच्या पट्टीनं ताणलं, एकदा आवळलं, एकदा मी उसवलं. आता परत उसवलं तर शेंड्यापर्यंत रक्त पोचेल की नाही, मी सांगू शकत नाही. नाही पोचलं तर काळं पडेल. आणि काळं पडलं तर, म्हणाले, मग लांब-आखूड हा प्रश्नच राहणार नाही. तिला सांगा, म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, मी सांगितलं होतं की काही बदललेलं नाही, तिचा माझ्यावर विश्वास नाही, आणि ती सज्ञान आहे. त्या तिसऱ्याच्या दवाखान्यात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, पेशंटनं स्वतः बोलायला हवं, काका. गोड आवाजात म्हणाली. रुग्णालयात दाखल होण्याआधी काय काय खायचं नाही ते मला वाचून दाखवलं तिनं.

मग पोरीला सांगायला वर गेलो. खरंच गेलो, ताई. पक्कं ठरवून गेलो. ती बॅग भरत होती. गुणगुणत होती काहीतरी. किती दिवसांनी ऐकलं मी ते. म्हटलं, बाळ, त्या मापाचं — तर ती वळली, म्हणाली, बाबा, एक बोलू? एवढ्या सगळ्यांत तुम्ही एकट्यांनी मला खरं सांगितलंत. बाकी सगळे मला वेड्यात काढत होते. आणि परत कपडे घड्या घालायला लागली. मी काय केलं? मी तिला विचारलं, स्वेटर घेतलास का. म्हटलं तिथं एसी असतो.

तिच्या आईला सांगितलं शेवटी, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मला वाटलं होतं, मला बोलेल, भांडेल. ती शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, आता सांगितलंत की खोटं बोललो, तर ह्यापुढे ती तुमचंही ऐकणार नाही, मग उरलं कोण तिला? आणि नाही सांगितलंत तर — आणि एवढं बोलून उठली, नळ उघडा होता तो बंद केला, आणि परत येऊन बसलीच नाही. त्यानंतर आम्ही एकमेकांशी फक्त बॅगेविषयी बोलतोय. टॉवेल ठेवलेत का, चार्जर ठेवलास का.

तुम्ही काय केलं असतंत? नाही, सांगाच — हं. हं. तसं मीही म्हणतो. दुसऱ्याच्या घरात बसून मीही तसंच म्हणालो असतो, की सरळ जाऊन सांगून टाका, राग करेल, रडेल, पण नाक वाचेल. बरोबर आहे तुमचं. पण मी सांगितलं तरी तिला कसं कळणार, की आता सांगतोय ते खरं? तिला वाटेल ऑपरेशन टाळायला आता खोटं बोलतोय. मी आता काहीही बोललो तरी, खरं बोललो तरी — माझ्याकडे खरं बोलायला जागाच उरली नाही हो. एक जागा होती, रविवारची, ह्या खुर्चीतली. ती मी स्वतःच —

आलीस? ये ना. झाली तयारी? नाही, काही नाही, असंच — ह्या ताईंच्या चष्म्याची काडी वाकली होती, तिचंच चाललंय. गप्पा होय, गप्पा तर होतातच. हो गं, ओळखतात ना त्या तुला, तूच तर दिला होतास यांना मागचा चष्मा. तुझीच चौकशी करत होत्या. बरी आहे म्हटलं. मी म्हटलं, मजेत आहे.

काय? नको विचारूस असं त्यांना. नाही, तसं नाही — पाहिलंय म्हणजे काय, दोन वर्षांपूर्वी पाहिलंय त्यांनी तुला, त्यांना काय आठवणार तेव्हाचं. आणि अगं, चष्मा माझ्या हातात आहे त्यांचा. एवढा मोठा नंबर, त्यांना तू धड दिसतही नसशील. वर जातंय की खाली जातंय, त्या बिचाऱ्या कुठून सांगणार.

दे, तो स्क्रू-ड्रायव्हर दे इकडे. नाही, मीच देतो करून. तू जा वर, आईला म्हणावं येतोच मी. जा.

ताई, अजून गार व्हायचाय हा. आत्ता घातलात तर परत वाकेल. तुम्ही असं करा, परवा या. परवाही नको — दुकान उघडं दिसलं की या.